दांडीवरची रात्र

सूर्य मावळायला अर्धा-पाऊण तास असताना परसात या. हातोडी, पकड, मोजपट्टी काही बरोबर आणू नका. आज खुराडं दुरुस्त करायचं नाही, आज नुसतं बसायचं. पाट, उपडी बादली, जांभ्याचा चिरा, जे हाताला लागेल ते खुराड्यापासून चार-पाच हातांवर ठेवा आणि त्यावर टेका. मोबाइल घरातच राहू द्या. कोंबड्यांना तुमची सवय आहे, पण तुमच्या बसण्याची नाही. तुम्ही येता ते दाणे टाकायला, अंडी काढायला, नाहीतर पाव्हणा आला म्हणून एखादीला धरायला. त्यामुळे सुरुवातीला त्या मान तिरकी करून एका डोळ्याने तुम्हाला निरखतील. निरखू द्या. श्वास सावकाश चालू द्या, खांदे सैल सोडा. थोड्या वेळाने त्यांच्या लेखी तुम्ही शेजारच्या फणसाच्या बुंध्याइतके बिनमहत्त्वाचे व्हाल. मग खरं बघणं सुरू होतं.

डोळ्यांसमोर मी कोकणातलं खुराडं ठेवलंय. पाच-सहा गावठी कोंबड्या, एक कोंबडा, एखादी तलंग. तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत, पुढे जाळीचं दार, वर पत्रा किंवा जुनी कौलं. देशावर भिंती दगडमातीच्या असतील, विदर्भात कुडाच्या. काही घरी अजून खुराडंच नसतं, अंधार पडला की डालग्याखाली डालतात आणि वर दगड ठेवतात. तुमचं जे असेल ते. बघायचं सगळीकडे एकच आहे: ही पाखरं रात्र कशी काढतात?

आता त्यांच्याकडे बघा. दिवसभर विखुरलेल्या कोंबड्या एकेक करून जवळ यायला लागल्यात. या वेळी त्या घाईघाईने टिपतात, कारण रात्रभराची शिदोरी भरून घ्यायची असते. एखादी पुढ्यातून गेली तर छातीच्या उजव्या अंगाला, मानेखाली, दाण्यांनी भरलेली थैली फुगलेली दिसेल. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. उजेडात तिची नजर तल्लख असते, रंग तर तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतात. पण तिन्हीसांज टळली की ती अडकली. मग उडी मारता येत नाही, जागा बदलता येत नाही, पायाखाली काय वळवळलं ते कळत नाही. म्हणून उजेड आहे तोवरच तिला रात्रीची जागा पक्की करायची असते. तिची आत्ताची लगबग त्यासाठी आहे.

कोण आधी आत शिरतं तिकडे लक्ष ठेवा. उद्याही तोच क्रम दिसेल, परवाही. थोराड कोंबडी सरळ आत जाऊन दांडीवरची आपली ठरलेली जागा घेते. दुसरी येऊन टेकली की तिला एक टोचा बसतो, ती दोन बोटं सरकते. शेवटची तलंग दारात घुटमळते, आत डोकावते, बाहेर येते, पुन्हा डोकावते. कोंबड्यांमधली ही उतरंड नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकाने 1922 साली शास्त्राच्या भाषेत मांडली, तीही लहानपणापासून कोंबड्या बघत आल्यामुळे. आपल्याकडच्या आज्यांना ती त्याआधीही ठाऊक असणार, त्यांनी लिहून ठेवलं नाही इतकंच. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की दांडी अपुरी असली तर तिची किंमत सगळ्यात खालची कोंबडी मोजते. पहिल्या तिघी-चौघींना कसलीच अडचण होत नाही. खुराडं नीट आहे की नाही, हे ठरवताना नजर शेवटच्या तलंगेवर हवी. ती कुठे झोपते? कोपऱ्यात जमिनीवर? अंडी घालायच्या खोक्यात? की अजून बाहेरच, पेरूच्या फांदीवर?

पेरूच्या फांदीवर असेल तर तिला हुसकू नका. आधी क्षणभर थांबून तिला वर का जायचंय याचा विचार करा. हिवाळ्यात पहाटे सह्याद्रीच्या झाडीतून जो रानकोंबडा आरवतो, तो रात्र झाडावर काढतो. बांबूच्या बेटात, आडव्या फांदीवर, जमिनीपासून वर. कोंबडीचं मूळ लाल रानकोंबड्यात आहे आणि त्याचीही झोप फांदीवरचीच. आपल्या बाजूचा राखी रानकोंबडा वेगळी जात, भारताबाहेर तो कुठे आढळत नाही. पण त्याचंही आपल्या परसाशी नातं आहे. 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी या राखी रानकोंबड्याच्या वंशाकडून आलेली आहे. तुमच्या कोंबडीचे पाय हळदीसारखे पिवळे असले तर ते देणं दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या रानाचं. हजारो वर्षं माणसाच्या अंगणात काढूनही अंधार पडताना तिच्या अंगात रान जागं होतं. जमीन म्हणजे रानमांजर, जमीन म्हणजे साप, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. वर जाणं ही तिची हौस नाही, तिच्यासाठी ती रात्रीची पहिली गरज आहे.

आजचं बसणं इथे संपलं तरी चालेल. दार लावा, कडी घाला आणि घरात जा.

उद्या सकाळी, कोंबड्या चरायला सुटल्या की, रिकाम्या खुराड्यासमोर या. उकिडवे बसा आणि डोकं आत घाला. अंग आखडेल, पाठ कुरकुरेल, पण उभं राहून वरून बघण्यात काही अर्थ नाही. खुराडं माणसाच्या उंचीवरून बघितलं की आपल्याला छप्पर दिसतं, भिंत दिसते, कुलूप दिसतं. कोंबडीला यातलं काहीच महत्त्वाचं नाही. तिची बारा तासांची रात्र एका लाकडावर जाते. डोळे त्या लाकडाच्या पातळीला आणा.

आता डोळे मिटा आणि दांडीवर तळहात ठेवा. वरच्या कडेवरून हात सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कुस लागते का? खिळ्याचं डोकं वर आलंय का? कड धारदार आहे का? गाठीवर हात अडतो का? जिथे तुमचा तळवा अडला तिथे तिचा तळवा रात्रभर दाबलेला असतो. कोंबडीच्या पायाला तळव्याखाली एक मऊ गादी असते. तिला बारीक जखम झाली आणि त्यात घाण गेली की आत गाठ धरते, पाय सुजतो, कोंबडी लंगडते. अशी गाठ बरी व्हायला फार वेळ लागतो. पुष्कळदा तिचं मूळ रात्रीच्या या लाकडात असतं आणि आपण मात्र दिवसा अंगणात काटा शोधत बसतो.

मग बोटं दांडीभोवती वळवा. कोंबडी बसते तेव्हा तिचे पाय दुमडतात, आणि दुमडताना मागच्या बाजूच्या शिरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप आत वळतात. पकड घ्यायला तिला ताकद लावावी लागत नाही, वजन टाकलं की ती येते. पण त्या पकडीला योग्य जाडी हवी. फार बारीक काठी असेल, समजा अंगठ्याएवढी, तर पुढची बोटं मागच्या बोटावर चढतात आणि सगळा भार एका रेघेवर येतो. फार रुंद फळी असेल तर बोटांना वळायला कड सापडत नाही, आणि तिची शीट तिच्याच पायाखाली साठते. गावठी कोंबडीला दोन इंचांच्या आसपासची दांडी बरी. वरून किंचित सपाट, दोन्ही कडा तासून गोल केलेली. दोन इंची चौरस रिप घेऊन वरच्या दोन कडा रंध्याने उतरवून पॉलिश पेपर मारला की काम झालं. सुतार लागत नाही.

बांबूचं काय, असं मला नेहमी विचारतात. बांबू परसात फुकट असतो म्हणून तोच घातला जातो, आणि तो वाईट नाही. पण गुळगुळीत बांबूवर पाय सरकतो आणि आतली पोकळी किड्यांना आयतं घर होते. सिंधुदुर्गातला माणगा जवळपास भरीव असतो, तो मिळाला तर तोच घ्या. दुसरा असेल तर कापलेली टोकं पेराशी येतील अशी कापा, उघडी टोकं मातीने किंवा मेणाने बुजवा आणि वरची साल जुन्या कोयत्याने खरवडून खडबडीत करा. काहीजण पकड यावी म्हणून काथ्या गुंडाळतात. दिसायला छान, पण काथ्याच्या वेटोळ्यात काय लपतं ते रात्री कळेल. प्लास्टिकचा पाइप मात्र नको. तो स्वच्छ राहतो म्हणून घालतात, पण त्यावर बसलेली कोंबडी रात्रभर तोल सावरत राहते. लोखंडी पाइप तर पौषातल्या पहाटे गार आणि वैशाखातल्या संध्याकाळी तापलेला.

लांबी मोजायला तुमचा हात पुरे. एका कोंबडीमागे एक वीत. युरोपीय संघाने 1999 साली अंड्यांच्या कोंबड्यांसाठी जे नियम केले त्यात पिंजऱ्याबाहेर ठेवलेल्या दर कोंबडीला निदान 15 सेंटिमीटर दांडी द्यावी, दोन दांड्यांमध्ये 30 आणि दांडी व भिंतीमध्ये 20 सेंटिमीटर अंतर ठेवावं, दांडीला धारदार कडा नसाव्यात, असं म्हटलंय. ती किमान मर्यादा आहे, हजारोंच्या शेडसाठी ठरवलेली. आपल्या परसात वीतभर द्यायला काय हरकत आहे? भिंतीपासूनही वीतभर सोडा, नाहीतर शेपटी भिंतीला घासून पिसं झडतात. दोन दांड्या असतील तर शक्यतो एकाच उंचीवर ठेवा. एक वर एक खाली ठेवली की सगळ्यांना वरची हवी असते, रोज संध्याकाळी मारामारी होते आणि खालच्या कोंबडीच्या पाठीवर शीट पडते.

उंचीच्या बाबतीत थोडं थांबून विचार करा, कारण इथे प्रेमापोटी घोटाळा होतो. कोंबडीला उंच आवडतं म्हणून दांडी पार वळचणीला नेऊन ठोकतात. चढणं तिला जमतं, उतरणं जड जातं. पहाटेच्या अंधुक उजेडात, अरुंद जागेत, ती वरून धपकन खाली येते. छातीच्या मधल्या हाडाला इजा होणं हे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं मोठं दुखणं आहे आणि दांडीवरून चुकलेली उडी हे त्याच्या कारणांपैकी एक आहे. हलकी गावठी कोंबडी कंबरेच्या उंचीवरून सहज उतरते. गिरिराज, वनराज यांसारखे वजनदार पक्षी असतील तर गुडघ्याएवढी उंची पुरे, आणि मध्ये टेकायला एखादी पायरी किंवा तिरकी फळी द्या. उतरायला समोर मोकळी जागाही लागते. दांडीसमोर दोन हातांवर भिंत असेल तर तिने उडी मारायची कुठे? अंडी घालायचं खोकं मात्र दांडीपेक्षा खालच्या पातळीला, बाजूला असू द्या. खोकं वर गेलं की कोंबड्या त्यात झोपतात, रात्रभर त्यात शीट करतात आणि सकाळी त्याच घाणीत अंडं घालतात.

आता नाक वापरा. डोकं अजून आतच आहे ना? दांडीच्या उंचीला एक लांब श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं, नाकात चरचरलं, तर ती हवा कोंबडी रात्रभर घेत होती हे लक्षात ठेवा. दार उघडून तास झाला तरी एवढं उरलंय, तर दार बंद असताना किती असेल? शिटेत ओल राहिली की त्यातून अमोनिया सुटतो. त्याने डोळे चुरचुरतात, श्वासनळीचं आतलं अस्तर खराब होतं आणि मग साधी सर्दीही हटत नाही. चोवीस तासांच्या शिटेतला मोठा वाटा रात्री दांडीखाली, एकाच ओळीत पडतो. ही खरं तर सोय आहे. घाण कुठे पडणार ते आधीच माहीत असतं, तर तिथे एक सुटी फळी किंवा जुन्या पत्र्याचा तुकडा ठेवा, त्यावर भाताचं तूस पसरा आणि सकाळी खरवडून उकिरड्यात टाका. कुजल्यावर ते नारळाला, केळीला सोनं आहे. ताजं मात्र घालू नका, मुळं जळतात.

चुन्याबद्दल एक सांगायला हवं. वास आला की चुन्याची फक्की मारायची ही पिढीजात रीत. पण ओल्या शिटेवर चुना पडला की वास उलट जास्त उठतो, कारण चुन्यामुळे शिटेत अडकलेला अमोनिया मोकळा होतो. चुलीतल्या राखेचंही थोडंफार तसंच. आधी खरवडा, जमीन कोरडी होऊ द्या, मग चुना मारा. राख कोंबड्यांना धूळस्नानासाठी बाहेर एका खड्ड्यात मातीत मिसळून द्या. त्यात त्या तासन्‌तास लोळतील.

नाकानंतर हवा. घरातून एक उदबत्ती आणा. कोंबड्या बाहेर आहेत, तूस बाजूला सारलेलं आहे, याची खात्री करा आणि पेटलेली उदबत्ती दांडीच्या उंचीला धरा. हात स्थिर. धुराची रेघ बघत राहा. घाई करू नका, वारा थांबतो आणि पुन्हा येतो, दोन्ही वेळचं बघायचंय. धूर सरळ वर जाऊन छपराजवळच्या फटीतून बाहेर पडला तर तुमचं खुराडं चांगलं आहे. धूर आतच घोटाळत राहिला तर हवा कोंडलेली आहे. आणि धूर दांडीवरच आडवा पळाला तर तिथे झोत आहे, पिसं फुलवून बसलेल्या कोंबडीच्या अंगातली ऊब तो रात्रभर काढून नेतो. हवा हवी, पण डोक्याच्या वरून जाणारी. म्हणून जाळीची पट्टी वर, वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन बाजूंना ठेवायची आणि दांडीच्या पातळीच्या फटी बुजवायच्या.

कोकणात पावसाळ्यात नेमकं याच्या उलट होतं. आषाढातली झड सुरू झाली की पाणी आत येतं म्हणून पोती, प्लास्टिक, झावळ्या लावून खुराडं चहूबाजूंनी बंद करतात. पाणी थांबतं, पण ओल आत कोंडते, पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि पहाटे ते कोंबड्यांच्या पाठीवर टपकतात. खालचं तूस भिजतं. रक्ती हगवणीच्या जंतूंना ऊब आणि ओल एवढंच लागतं, ते खुराड्यात दोन दिवसांत तयार होतात. पावसाची बाजू झाका, पण वाऱ्यामागची बाजू उघडी ठेवा आणि छप्पर हातभर पुढे काढा. थंडीची भीती बाळगू नका. कोंबडीच्या अंगातली उष्णता 41 अंशांच्या आसपास असते, अंगावर पिसांची गोधडी असते. कोरडी असेल तर आपल्याकडची कुठलीही थंडी ती सोसते. तिला खरा त्रास होतो तो एप्रिल-मे महिन्यांत, तापलेल्या पत्र्याखाली. तिला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत ती अंग निववते. पत्र्यावर झावळ्यांची किंवा गवताची शाकारणी केली तर रात्र सुसह्य होते. खर्च काही नाही, माणसाची अर्धी दुपार.

इथे कुणीतरी म्हणणारच, शेवटी कापायचीच ना कोंबडी, मग तिच्या झोपेचे एवढे लाड कशाला? हा प्रश्न मी टाळत नाही, कारण तो खुराड्यासमोर बसलं की आपल्याच मनात येतो. गटारीला, जत्रेला, जावई आला की तिची वेळ येते हे खरं. त्यावर माझं म्हणणं एवढंच की तिला रात्री कोंडण्याचा निर्णय आपण घेतलेला असतो. ती झाडावर गेली असती. झाडावर तिला उजेड असेतोवर फांदी निवडता आली असती, वारा बघून जागा बदलता आली असती, धोका वाटला तर उडता आलं असतं. आपण कडी घालतो तेव्हा तिच्या हातातलं हे सगळं काढून घेतो, तिच्या भल्यासाठीच, पण काढून घेतो. तेव्हा आतली फांदी कशी आहे याचा जाब आपल्याला द्यावा लागणार. आणि हिशेबी माणसासाठीही उत्तर आहे. रात्री नीट झोप न मिळालेली, किड्यांनी शोषलेली कोंबडी अंडी कमी घालते. खेड्यात अंड्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईचे असतात, वही-पेन, बांगड्या, मुलाची एसटी त्यातून निघते. तिला विचारा, खुराड्याची दांडी हा किरकोळ विषय आहे का?

तिसरं बसणं रात्रीचं. जेवणं उरकली, भांडी झाली, की हळूच बाहेर या. पायात चप्पल-बूट असू द्या, हातात टॉर्च, पण तिच्यावर बोटं धरून उजेड मंद केलेला. खुराड्याजवळ येऊन आधी अंधारातच उभे राहा. ऐका. निजलेल्या कोंबड्यांचा आवाज फार कमी असतो, मधूनच एखादी घशात कुजबुजते, पिसं सावरण्याची खसखस होते. दांडीवर पुन्हा पुन्हा हालचाल ऐकू आली, पाय बदलणं, अंग झटकणं, टोचून घेणं, तर काहीतरी चावतंय.

उजेड खालून दाखवा, डोळ्यांवर नको. काहींची मान खांद्यात खेचलेली असेल, चोच पुढे आणि शेपटी खाली. काहींनी मान मागे वळवून डोकं पंखात खुपसलेलं असेल, ती गाढ झोप. आणि कडेच्या कोंबडीकडे बघा, तिचा एक डोळा उघडा सापडेल. पक्ष्यांना अर्धा मेंदू जागा ठेवून झोपता येतं. 1999 साली बदकांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ओळीच्या टोकाला बसलेली बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अशी झोप जास्त घेतात, मधली मात्र बहुधा दोन्ही डोळे मिटून निजतात. कोंबड्यांमध्येही एका डोळ्याची झोप दिसते. या ओळीसमोर थोडा वेळ थांबा. एका दांडीवर, एकाच छपराखाली असूनही सगळ्यांच्या वाट्याला सारखी झोप आलेली नाही.

मग एक पांढरी चिंधी घ्या आणि दांडीच्या खालच्या बाजूने, विशेषतः ती भिंतीला टेकते तिथून, दाबून पुसा. चिंधीवर लाल डाग उठले तर ते कोंबडीचं रक्त आहे. लालसर बारीक किडे दिवसा फटीत, खाचेत, बांबूच्या पोकळीत, काथ्याच्या वेटोळ्यात दडून राहतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत जातात. म्हणून दिवसा कोंबडी धरून बघितली तर अंगावर काही सापडत नाही. उपाशीपोटीही ते कित्येक महिने तग धरतात, तेव्हा खुराडं थोडे दिवस रिकामं ठेवून भागत नाही. दांडी कधीच ठोकून पक्की करू नये ती यासाठी. दोन्ही टोकांना लाकडी खाचा करा आणि दांडी त्यात नुसती बसवा, म्हणजे ती उचलून काढता येते, उकळतं पाणी ओतता येतं, कडक उन्हात दिवसभर टाकता येते. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. निगडीचा पाला काही घरांत टाकतात, टाका, पण त्याच्यावर विसंबू नका. औषध लागलंच तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून आणा. शेतातलं फवारणीचं औषध उरलंय म्हणून खुराड्यात मारणं हा शहाणपणा नव्हे.

परत जाण्याआधी दाराची कडी हलवून बघा. मुंगूस दिवसाचा चोर, रात्रीचे वेगळे: रानमांजर, कांडेचोर, घूस, साप. कोंबड्यांची म्हणून विकतात ती षटकोनी तारेची जाळी कोंबडी आत ठेवायला पुरते, मांजर बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवा आणि खाली वीतभर जमिनीत गाडा. आणि खुराड्यात रात्रभर बल्ब ठेवू नका. मांजरापेक्षा तो झोप जास्त मोडतो.

यानंतर काही दिवस काहीच करू नका. मग एक बदल करा, फक्त एक. कोंबड्या नव्या गोष्टीला लगेच पायाखाली घेत नाहीत. नवी दांडी घातल्यावर एखादी जुन्या जागी जमिनीवर बसलेली दिसली तर अंधार पडल्यावर तिला हलकेच उचलून दांडीवर ठेवा. न दिसल्यामुळे ती गुमान बसून राहील, आणि सकाळी वर जाग आली की पुढचं तिचं ती शिकेल. पिल्लं असतील तर त्यांना पहिल्या महिन्यातच जमिनीपासून चार बोटांवर एक काठी द्या. लहानपणी दांडी न मिळालेल्या कोंबड्यांना मोठेपणी वर-खाली करणं नीट जमत नाही, हे अभ्यासातही दिसलंय. पिल्लं त्या काठीवर आधी पडतील, मग चढतील.

पहाटे कोंबडा आरवतो तेव्हा तांबडं फुटलेलं नसतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की त्याचं आरवणं अंगातल्या घड्याळावर चालतं, उजेडाची तो वाट बघत नाही. म्हणजे उजाडेपर्यंत सगळं खुराडं जागं झालेलं असतं आणि दार बंद असतं. अरुंद खुराड्यात अशा वेळी मारामाऱ्या होतात. तेव्हा दार उघडायला लवकर उठा, किंवा आत थोडी हिंडायला जागा ठेवा.

हे सगळं एकदम जमणार नाही. एकच काम होणार असेल तर दांडी बदला. दोन इंचांची, कडा उतरवलेली, दर कोंबडीला वीतभर, अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच आणि सहज काढता येईल अशी. पण ते मिरगाच्या आधी उरका. जूनमध्ये धुतलेलं लाकूड वाळत नाही.